चंद्राबाईचा धाकला

मी बैल बोलतोय. खिलार जातीचा, अंगानं पांढरा, शिंगं मागं वळलेली. शर्यतीच्या मैदानात मला तुफान म्हणतात. भोंग्यावर तेच नाव पुकारतात, फ्लेक्सवरही तेच छापतात. पण माझं खरं नाव धाकल्या. ते चंद्राबाईनं ठेवलं. माझ्या शर्यतींचं तुम्हाला दुसरा कुणीही सांगेल. मला चंद्राबाईबद्दल सांगायचं आहे, कारण त्या दिवशी मैदानात तिच्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं.

माझा जन्म छावणीतला. त्या वर्षी माण तालुक्यात पाऊसच झाला नव्हता. विहिरी आटल्या, कडबा संपला आणि गावोगावची माणसं आपली जनावरं घेऊन माळावरच्या चारा छावणीत राहायला आली. बांबूच्या खांबांवर हिरवी जाळी, खाली तापलेली माती, आणि उसाची गाडी कधी येते याची वाट बघणारी जनावरं. चंद्राबाई आपली गाय घेऊन तिथं राहत होती. तिचा मुलगा नाथाजी फौजेतून हवालदार होऊन घरी आलेला. तो म्हणाला होता, "आई, तू घरी थांब, छावणीत मी जातो."

"तुला गाईचं काय कळतंय? तू बंदूक धरलेला गडी," असं म्हणून तिनं वळकटी उचलली आणि निघाली.

ती गाय माझी आई. उपाशी अंगानं तिनं मला जन्म दिला आणि दुसऱ्या दिवशी मान टाकली. माझे पायही नीट उभे राहत नव्हते. शेजारच्या दावणीतला एक म्हातारा म्हणाला, "ह्ये वासरू जगायचं न्हाई, आक्का. कशाला जीव लावताय?"

छावणीत नुकत्याच व्यायलेल्या गाई शोधत चंद्राबाई फिरली, वाटीभर वाटीभर चीक मागून आणला आणि बाटलीनं मला पाजला. तिच्या लुगड्याला उसाच्या पाचटाचा आणि तंबाखूच्या मिसरीचा वास होता. जगात आलो तेव्हा आईचा म्हणून जो वास मला मिळाला, तो हाच.

"माज्या पोटाला एकच पोरगं," ती बायकांना सांगायची. "नाथा थोरला. ह्यो माजा धाकला."

बायका हसायच्या. ती हसायची नाही.

दुपारी ऊन उतरेपर्यंत बायका जाळीखाली बसायच्या. चंद्राबाई माझ्या कानामागच्या गोचिडी काढत बोलत असायची. तिचं सगळं आयुष्य मला असं कळलं. लग्न होऊन आली तेव्हा ती शिवांजलीहूनही लहान होती. शिवांजली म्हणजे तिची नात. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. नवरा फौजेत होता. नाथाजी अजून रांगत होता तेव्हा नवरा आजारपणात तिकडेच गेला. सासरचे म्हणाले, पोराला आमच्याकडं ठेव आणि तू माहेरी जा. ती गेली नाही. चार मेंढरं घेतली, दुसऱ्यांच्या रानात खुरपलं आणि नाथाजीला शिकवलं. तो फौजेत निघाला तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, नवरा गेला तिकडंच पोराला धाडतीस? "त्याला जायचंय, तर जाऊ दे," एवढंच ती म्हणाली. पुढं नाथाजी सरहद्दीवर असताना उदयसिंह आणि शिवांजली ही त्याची दोन्ही पोरं तिच्याच मांडीवर वाढली.

उदयसिंहबद्दल मला राग आहे. पण सुरुवातीपासून नव्हता. छावणीत तो रोज मोटारसायकलवरून आजीला भाकरी घेऊन यायचा. ती भाकरी खाईपर्यंत तो मला मोकळा सोडायचा आणि माझ्याबरोबर माळावर पळायचा. भरतीची तयारी करत होता तो. मी पुढं गेलो की ओरडायचा, "आज्जे, बघ ह्याला! घोडा हाय घोडा!" आणि चंद्राबाई दुरून हाक मारायची, "ये रं धाकल्या, ये... ये माज्या राजा." मी असेन तिथून फिरून तिच्याकडे सुटायचो. त्या हाकेला मी कधी थांबलो नाही. थांबणं मला जमायचंच नाही.

पाऊस पडला, छावणी उठली, आम्ही घरी गेलो. अंगणातल्या शेवग्याखाली माझी दावण होती. चंद्राबाईच्या ओटीत गुळाचा खडा असायचा. उदयसिंह आणि शिवांजली मोठी झाली तरी ती तो तिघांत वाटायची, आणि तिसरा मी असायचो.

उदयसिंह भरतीला गेला. पळण्यात निवडला गेला, पण तपासणीत कानाच्या काही दोषावरून नाकारला गेला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. मग वय निघून गेलं. नाथाजी त्याला टाकून बोलला नाही, पण त्याच्याशी बोलायचाच बंद झाला. पोरगा दिवसभर कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसायचा. त्याच सुमाराला बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि उदयसिंहची नजर माझ्यावर आली.

चंद्राबाई शिवांजलीला भेटायला सांगलीला गेली होती. शिवांजली तिथं नर्सिंग शिकत होती. त्या दिवशी उदयसिंहनं मला शेजारच्या गावच्या मैदानात चालवत नेलं. दुसऱ्या एका बैलाबरोबर छकड्याला जुंपलं. मला पळायला आवडायचं, मी पळालोही असतो. पण पहिल्याच झेपेला पाठीवर आसूड बसला आणि मग मी भिऊन पळालो. आम्ही पहिले आलो. माझ्यावर गुलाल टाकला, उदयसिंहला लोकांनी खांद्यावर घेतलं. नाथाजीही आला होता. त्यानं सगळ्यांदेखत पोराच्या पाठीवर थाप मारली. उदयसिंहचा चेहरा मी बघितला. ती थाप त्याला फार वर्षांनी मिळाली असावी.

चंद्राबाई परत आली. नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला आणि वळावर येऊन तिचा हात थांबला. हळद आणि तेल कालवून आणलं, लावलं, मग नाथाजीला हाक मारली.

"ह्ये कुनी केलं?"

"आई, मैदान होतं. पैला आला आपला बैल."

"म्या इचारलं, कुनी केलं?"

नाथाजीनं मान खाली घातली.

"नाथा, ह्याला म्या बाटलीनं पाजलंय. ह्याला आसूड लागायचा न्हाई. आन् ह्या दारातनं ह्यो कुटं जायचा न्हाई. ठेव हात ह्याच्यावर. बोल."

नाथाजीनं माझ्या वशिंडावर हात ठेवला. फौजी माणसाचा जड, गरम हात. "न्हाई जाणार, आई. शपथ."

तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्या वेळी त्याला तसंच वाटत असेल.

पुढच्या पावसाळ्यात तासगावकडचा एक बागायतदार आला. विश्वजीत त्याचं नाव. द्राक्षाची बाग, शर्यतीचा नाद. त्यानं मला फिरून फिरून बघितलं आणि बदल्यात आपली लाल जीप देऊ केली. चंद्राबाई तेव्हा रानात होती. नाथाजी आधी नाही म्हणाला. उदयसिंह म्हणाला, "पप्पा, आज्जीच्या छातीत दुखतंय, रोज एसटीनं दवाखान्यात जाती ती. गाडी असली तर तिलाच व्हईल." तिच्याच नावानं तिच्याविरुद्ध व्यवहार ठरला. मी तिथंच उभा होतो. बैलाच्या पुढ्यात माणसं आवाज खाली आणत नाहीत.

घ्यायला पिकअप आली. मी फळीवर पाय ठेवेना. चार जणांनी ओढलं, मी दोर तोडला. एकाला भिंतीवर दाबलं. मग नाथाजी घरात गेला आणि आईला घेऊन आला.

"आई, लम्पीचा आजार आलाय जनावरांत. दहिवडीला इंजेक्शन देत्यात. न्यायला पायजे, आन् ह्यो चढंना."

लम्पीचं नाव ऐकून चंद्राबाई घाबरली. तिनं पदर खोचला, स्वतः फळीवरून गाडीत चढली आणि आतून हाक मारली. "ये रं धाकल्या, ये... ये माज्या राजा."

मी चढलो. दोन उड्यांत चढलो. तिनं माझ्या तोंडात गूळ घातला, गळ्याखाली खाजवलं आणि म्हणाली, "भिऊ नगं. सांजच्याला येशील माघारी." मग ती उतरली आणि नाथाजीनं फळकूट लावलं. गाडी सुरू झाली तेव्हा उदयसिंह दुसरीकडे बघत होता. चंद्राबाई हात हलवत होती.

दहिवडी मागं पडली. गाडी थांबली नाही.

तासगावला माझी बडदास्त उत्तम ठेवली गेली, हे सांगितलं पाहिजे. विश्वजीत वाईट माणूस नाही. खुराक, डॉक्टर, पंखा, सगळं होतं. पण मी पहिले कित्येक दिवस पेंडीला तोंड लावलं नाही. मला वाटलं, हिनंच दिलं. हाक मारून, गूळ चारून, स्वतःच्या हातानं दिलं. आसूड मारणाऱ्याचा राग येतो, पण तो राग सरळ असतो. हा तसा नव्हता. रात्रंदिवस मला एवढंच कळेना की माझं काय चुकलं.

मग एका उन्हाळ्यात ती आली. शिवांजलीनं सांगलीत चौकशी करून माझा पत्ता काढला होता. दोघी एसटीनं आल्या आणि फाट्यापासून बागेपर्यंत उन्हात चालत आल्या. मी तिचं खोकणं ओळखलं. विश्वजीत म्हणाला, "या आज्जी, बसा, चहा घ्या."

"च्या नगं बाबा. माजा बैल दाव."

ती माझ्यापाशी आली. हाक मारली नाही. मी तोंड फिरवून उभा राहिलो. तिनं माझ्या कानामागं हात घातला, नेहमीच्या जागी, आणि अगदी हळू बोलायला लागली.

"मला इंजेक्शन म्हनले रं. म्या सांजपतोर दारात बसले. दिवस बुडाला, गाडी आली न्हाई. सकाळी ती लाल गाडी आली, तवा समजलं. म्या तुला इकला न्हाई, धाकल्या. माज्या हातानं चढवला, पर म्या न्हाई इकला."

मी तिचा हात चाटला. मग मनगट, मग पदर. शिवांजली रडत होती. चंद्राबाई रडली नाही. ती वळून विश्वजीतला म्हणाली, "माघारी दे. ती गाडी घेऊन जा तुजी."

"आज्जी, व्यवहार झालाय. तुमच्या पोराला विचारा."

"त्यालाच इचारून आले."

"काय म्हणाले?"

"मान खाली घातली. ल्हान हुता तवा बी असंच करायचा. मला वाटायचं, गरीब हाय पोरगं."

विश्वजीतनं तिला फाट्यापर्यंत मोटारीनं सोडतो म्हटलं. ती नको म्हणाली. जाताना माझ्या वशिंडावर हात ठेवून म्हणाली, "येते परत. पावसाच्या आधी येते."

पाऊस आला. ती आली नाही. दुसरा उन्हाळा गेला. मला मैदानात पुढच्या पायाला मार बसला, गुडघा सुजला, मी पळायला कचरू लागलो. रस्त्यावर एसटी थांबली की मी कान टवकारायचो. पुढं पुढं तेही सोडलं. पहिल्यांदा फसवलं ते दुसऱ्यांनी, पण दुसऱ्यांदा तीच विसरली, असं मी धरून चाललो.

गेल्या हिवाळ्यात मला पिकअपमध्ये घालून नेलं. बरंच अंतर गेल्यावर उतरवलं तेव्हा मातीचा वास ओळखीचा होता. आमच्या गावचा माळ. मधोमध मैदान आखलेलं, कडेनं गाड्या, भोंगे, उसाच्या रसाची गुऱ्हाळं. आणि प्रवेशाच्या कमानीवर चंद्राबाई. केवढा मोठा तिचा चेहरा! मी कमानीपाशी ओढून गेलो, मान वर करून हुंगलं. रंगाचा आणि प्लॅस्टिकचा वास आला.

तेवढ्यात भोंगा बोलायला लागला. "कैलासवासी चंद्राबाई यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ, नातू उदयसिंह मित्र परिवार आयोजित भव्य बैलगाडा मैदान! ज्या माउलीनं आपल्या हातानं तुफान घडवला आणि आपल्या हातानं मैदानात धाडला, त्या माउलीला मानाचा मुजरा!"

मी तिथं ऐकलं की ती नाही. ती विसरली नव्हती, ती मेली होती. मी एवढे दिवस तिच्यावर रुसून होतो आणि ती कुठंच नव्हती. आणि जिनं पाठीवरचा एक वळ बघून घर डोक्यावर घेतलं, तिच्या नावानं आज दिवसभर आसूड उडणार होते.

उदयसिंह नव्या फेट्यात आला, माझ्या पाठीवर थापटलं. विश्वजीत त्याला म्हणाला, "पायामुळं लय कचरतो हा आता. आज पळाला तर पळाला, न्हाईतर बाजार दाखवायचा."

"पळतोय की. ह्याला पळवायचं औषध माज्याकडं हाय," उदयसिंह म्हणाला. "तुमी फक्त जुपा."

मला जुंपलं. मी मनात ठरवलं होतं, पाऊल उचलायचं नाही. निशाण पडलं, जोडीदार सुटला, मला ओढ बसली. आसूड बसला. मी हललो नाही. लोक हुर्यो करू लागले. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"ये रं धाकल्या, ये... ये माज्या राजा."

तिचाच. तोच चढ, तोच शेवटी थोडा फाटणारा. मला काही आठवलं नाही, पाय आठवला नाही, भोंग्यानं काय सांगितलं तेही आठवलं नाही. मी सुटलो. तसा मी आयुष्यात पळालो नव्हतो. जोडीदार फरपटत आला. पुढचा गाडा मागं पडला, रेघ गेली, माणसं बाजूला पळाली, आणि मी थांबलो तो एका काळ्या खोक्यासमोर. आवाज त्यातून येत होता. उदयसिंहच्या हातात मोबाईल होता, तो वायरीनं खोक्याला जोडलेला. छावणीत कधीतरी त्यानं ती हाक मोबाईलवर भरून घेतली असणार.

मी खोक्यामागं बघितलं. मांडवाच्या आत बघितलं. माझ्यावर गुलाल पडत होता, हलगी वाजत होती, आणि खोक्यातून ती पुन्हा पुन्हा मला बोलावत होती.

व्यासपीठावर नाथाजी बसला होता. त्याला हे कुणी सांगितलं नसावं. आईचा आवाज ऐकून तो खुर्चीतून उठला आणि माझ्यासारखाच इकडंतिकडं बघायला लागला. मग खाली उतरून माझ्याजवळ आला, शिंगाला धरून उभा राहिला. विश्वजीतला म्हणाला, "माघारी देता का ह्याला?"

"आज? गुलाल पडलाय त्याच्यावर, फौजी."

नाथाजीनं मान खाली घातली.

बोलली ती शिवांजली. गर्दीतून वाट काढत आली आणि उदयसिंहच्या हातातून मोबाईल घेतला.

"दादा, आज्जीला विचारलं होतंस का?"

"आगं, जिंकला की बैल! बाजारातनं वाचवला म्या त्याला."

"आज्जी त्या जीपमध्ये कधी बसली न्हाई. तासगावहून आल्यापासून अंथरुणाला होती, तरी ताप अंगात घेऊन एसटीनं दहिवडीला गेली. तुमी गाडी घेऊन मागनं आलात, तर म्हणाली, ती माज्या धाकल्याची किंमत हाय, मी त्यात बसत न्हाई. शेवटी बसली ती मेल्यावर. दवाखान्यातनं तुमी तिला त्याच गाडीतनं आणली." ती मोबाईलवर बोटं फिरवत होती. "हा आवाज अजून कुठं हाय?"

"न्हाई कुठं. का गं?"

"पुसला."

उदयसिंह ओरडलाच. "येडी का खुळी तू? आज्जीचा तेवढाच आवाज हुता आपल्याकडं! तेवढाच!"

"म्हणूनच," शिवांजली म्हणाली, आणि ओढणीत तोंड झाकून तिथंच मातीत बसली. उदयसिंह मोबाईल हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग त्याचा चेहरा छावणीतल्या पोरासारखा झाला आणि फेटा काढून तोही रडायला लागला. भोंगेवाला पुढच्या गटाची नावं पुकारत होता.

शिवांजली निघण्याआधी माझ्याजवळ आली. माझ्या तोंडावरचा गुलाल तिनं ओढणीनं पुसला, डोळ्यांच्या कडा जपून पुसल्या. हाक मारली नाही.

विश्वजीतनं मला तासगावला परत नेलं. तिथून आणखी दोन मैदानांत जुंपलं. मी पाऊल उचललं नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून एका बाईला उभं करून हाक मारायला लावली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाथाजी एकदा येऊन गेला म्हणतात, जीपची किल्ली घेऊन. पण जीप आता जुनी झाली आहे, आणि तो दोनदा मागणारा माणूस नाही.

आज सकाळपासून दारात पुन्हा पिकअप उभी आहे. कुठं नेणार ते मला माहीत नाही. गाडीवान फळी लावून, हातात गूळ घेऊन, गोड आवाज काढून मला बोलावतो आहे. तुम्ही जवळपास असाल तर त्याला माझा निरोप सांगा. दोर लाव म्हणावं. ओढायचं तर ओढ, मारायचं तर मार. किंवा नुसता बाजूला हो, मी आपला आपण चढेन. फक्त प्रेमानं हाक मारू नकोस.